हारापुरती जागा

१

जुना फोटो उघडायला वेळ लागायचा, आणि खरं सांगायचं तर हेमराजला तो वेळ आवडायचा. गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं असायचं. आतल्या खोलीतून हार्ड डिस्कची कुरकुर सुरू व्हायची. तेवढ्यात ‘कुठले तुम्ही, कोणाकडचे, यंदा केळी लावली की ऊस’ हे सगळं विचारून व्हायचं. मग पडद्यावर वरून खाली फोटो उतरायचा. आधी मंडपाची झालर, मग फेटे, मग चेहरे. गिऱ्हाईक म्हणायचं, “हाऊच, हाऊच!” म्हणजे हाच तो, आणि हेमराज कामाला लागायचा.

शहाद्याच्या बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर रतिलालशेठचा फोटो स्टुडिओ होता. शेठच्या वडिलांनी रोल धुण्याच्या जमान्यात काढलेला. आता लग्नाचे अल्बम होते, फ्लेक्स होते, आणि फ्लेक्सवर दुकान चालत होतं. आपल्याकडे माणसाचा वाढदिवस बॅनरशिवाय उजाडत नाही, आणि माणूस गेला तरी गंधमुक्तीच्या विधीआधी चौकात त्याचा बॅनर लागलाच पाहिजे. लोक फोटोसाठी स्टुडिओतच यायचे, कारण तालुक्यातली निम्मी लग्नं शेठनेच टिपली होती. हजारो लग्नं त्या सर्व्हरच्या पोटात होती.

हेमराज तिथला डिझायनर. हाताला सफाई होती. नूतनताईने त्याला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती ही, की वाढदिवसाचा फोटो कापताना चेहऱ्याने चौकट भरून टाकायची, आणि श्रद्धांजलीचा कापताना डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडायची. वर हार बसवावा लागतो ना. ‘हारापुरती जागा’ म्हणायची ती. नूतनताई काउंटर सांभाळायची, बायकांचे फोटो काढायची आणि दिवसभर सगळ्यांची टिंगल करायची. शेठचीसुद्धा.

हेमराजची एकच तक्रार होती. लोक जिवंतपणी एक धड फोटो काढून ठेवत नाहीत. मग गेल्यावर लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढावा लागतो, आणि खांद्यावर कोणाचा तरी हात राहून जातो. तो हात पुसत बसायचं म्हणजे डोकेदुखी. “मरनारना खांदावरना हात पुसीपुसी मन्हा जीव जाई एक दिन,” असं तो म्हणायचा.

सर्व्हर जुन्या डार्करूममध्ये ठेवलेला होता. खिडकी नाही, भिंतींना अजून हायपोचा, फोटो धुण्याच्या रसायनाचा, आंबूस वास, आणि छताला तो लाल दिवा, कोणी काढलाच नव्हता. सुरतहून आणलेल्या त्या सर्व्हरमध्ये दोन जातींच्या डिस्क होत्या. एक एसएसडी, छोटी, बिनआवाजाची, मागितलं की हातात देणारी. बाकीच्या मोठ्या, फिरणाऱ्या, कुरकुरणाऱ्या हार्ड डिस्का. कुठला फोटो कुठे ठेवायचा हे सर्व्हर आपलं आपणच ठरवायचा. शेठने ते एका वाक्यात समजावलं होतं.

“देख भाई, जे घडी घडी हातमा लागस ते गल्लाना जोडे. जे नही लागस ते मांगे, गोडाऊनमा. मशीन तेच करस.”

दुपारी शटर अर्धं खाली आलं, की सर्व्हर ही उचल-ठेव करायचा. चालू कामाचे फोटो एसएसडीवर, विसरलेली लग्नं मागे हार्ड डिस्कवर. म्हणून जुनं लग्न मागितलं की थांबावं लागायचं. आजवर त्याला अपवाद नव्हता.

२

ब्राह्मणपुरीचे दोधू आबा गेले, तेव्हा त्यांचा मुलगा भूपेश आला. डोळे सुजलेले, बोलणं तुटक.

“भाऊ, आबाना एखादा फोटू निंघी का? घरमा एक बी धड नही शे. एकमा टोपी नाकवर, एकमा आबा पाठमोरा.”

हेमराजने विचारलं, आबा कोणाच्या लग्नात होते? भूपेश म्हणाला, मन्ही मोठी बहीणना लगीनमा. त्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. हेमराजने फोटो शोधून क्लिक केलं आणि नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, “यंदा ऊस...”

फोटो समोर होता.

उतरला नाही, आला. मंडप, फेटे, पंगत, आणि पंगतीत वाढायला वाकलेले दोधू आबा, सगळे एकदम. आतल्या खोलीतून कुरकुरही ऐकू आली नाही. हेमराजचं वाक्य अर्ध्यात राहिलं. भूपेश हुंदका देऊन म्हणाला, “हाऊच.”

हेमराजने चेहरा कापला, वर जागा सोडली, खांद्यावरचा हात पुसला. भूपेश गेल्यावर त्याने नूतनताईला सांगितलं, की जुनं लग्न आज चटकन उघडलं बुवा.

“बरं शे ना मग,” ती म्हणाली. “मशीन आते माणूस मराना आधीच फोटू काढी ठेवस व्हयी. शेठले सांग, पगार वाढाव म्हना मशीनना.”

दोघं हसली. हेमराज जरा जास्तच हसला.

३

त्यानंतर दिवलीबाई गेली, तिचा फोटो घ्यायला सुना आल्या. जुनं लग्न, आणि तोही फोटो एकदम आला. मग बामखेड्याकडचे एक मास्तर. तेही. हेमराज आता क्लिक करायच्या आधी कान टवकारायचा. आतून काहीच आवाज यायचा नाही, आणि त्याच्या मानेवर काटा यायचा.

तो काही भोळा माणूस नव्हता. बी.कॉम. झालेला, सर्व्हरची जोडणी स्वतः बघितलेला. त्याने मनाला रीतसर समजावलं. कोणाला तरी माणूस गेल्याचं कळलं असेल, त्याने आधी फोटो उघडून पाहिला असेल, म्हणून तो पुढे आला असेल. कोणी? नूतनताईने. विचारलं तर ती म्हणाली, मले काय धंदा नही का? शेठला माऊस धरता येत नव्हता. बरं, मग हे मशीनचंच काही बिघडलं असेल. मग त्याने कुठलीही जुनी लग्नं उघडून पाहिली. सगळी कुरकुरत, वरून खाली, सावकाश उतरली. मशीन ठणठणीत होतं. तेवढेच फोटो तयार होते, ज्यांची माणसं नुकतीच गेली होती.

त्याने सुरतला फोन लावला. सर्व्हर बसवणारा माणूस हसून हिंदीत म्हणाला, की सर्व्हरला चेहरे कळत नाहीत हो. तो फक्त मोजतो, काय किती वेळा वाचलं गेलं. कोणी वाचल्याशिवाय फोटो वर येत नाही.

“मग वाचतं कोण?” हेमराजने विचारलं.

“तुमचंच कोणीतरी,” तो म्हणाला.

दुपारी शेठ घरी झोपायला गेले, नूतनताई जेवायला गेली. हेमराजने डबा उघडला, पण घास घेतला नाही. उठून डार्करूमचं दार ढकललं. आत थंडगार एसी, हिरवे दिवे लुकलुकताहेत, हायपोचा वास. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

हार्ड डिस्क वाचत होती. थोडं वाचायची, थांबायची. पुन्हा थोडं, पुन्हा थांबायची. उचल-ठेव करतानाचा आवाज त्याला पाठ होता, तो सलग असतो. हा सलग नव्हता. मांडीवर अल्बम घेऊन कोणी पानं उलटावीत, एखाद्या पानावर थांबावं, तसा होता. तो जिथे थांबत होता, तिथे हेमराजचा श्वासही थांबत होता. मग एकदा तो थांबला तो थांबलाच, आणि हेमराज बाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

४

पलीकडच्या हॉटेलवाल्या लखनभाईच्या मेव्हण्याला लग्नाच्या वाढदिवसाचा बॅनर हवा होता. हेमराज त्याचं लग्न उघडत होता. एकेक फोटो रडतखडत उतरत होता, आणि हेमराजला बरं वाटत होतं. मधेच एक फोटो झपकन आला.

त्यात लखनभाई होता. एकटाच. कढईपुढे उभा, हातात झारा, कॅमेऱ्याकडे बघून दात काढलेले.

हेमराज तसाच उठून बाहेर गेला. लखनभाई भजी तळत होता. धडधाकट, घामाघूम, कोणाला तरी शिव्या देत. हेमराज त्याच्याकडे बघत राहिला.

“काय रे भो,” लखन म्हणाला, “पयला डाव देखी ऱ्हायना का मले? खाय, गरम शेतस.”

काय सांगणार? तुझा फोटो लवकर उघडला, दवाखान्यात जा? लोकांनी वेड्यात काढलं असतं. तरी तो म्हणाला, “लखनभाऊ, एक डाव छातीनी तपासणी करी ल्या ना.” लखन खो खो हसला. म्हणाला, छातीमा काय शे, जे शे ते पोटमा शे. हेमराजने भजी खाल्ली. तेलकट, तिखट होती.

आठवडा उलटायच्या आत लखनभाई गेला. हॉटेलात नाही, गावातही नाही. नंदुरबारला मिरची आणायला गेला होता. बाजारात पोत्यावर बसला, आणि तिथून उठला नाही. बायको सीमा स्वतः फोटो घ्यायला आली. हेमराजने फोटो उघडला. तिला झारा नको होता, म्हणून त्याने झारा कापला. वर जागा सोडली.  नूतनताईने सीमाला पाणी आणून दिलं.

५

आता ज्याच्या घरात माणसं आहेत, तो अशा वेळी काय करेल? तेच हेमराजने केलं. आधी करायचं नाही असं ठरवलं, आणि मग केलं.

त्याच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो त्याच सर्व्हरवर होते. शेठने हौसेने काढलेले. त्यातला एक घरात सगळ्यांच्या थट्टेचा. मधोमध हेमराज फेटा बांधून उभा, डोळे घट्ट मिटलेले. एका बाजूला त्याची आई धनुबाई. दुसऱ्या बाजूला रंजिता, मेंदीचा हात त्याच्या खांद्यावर, हसू दाबलेलं. ‘झोपेल नवरदेव’, झोपलेला नवरदेव, म्हणायचे त्या फोटोला. त्याच लग्नात हेमराजचे इतरही फोटो होते, पण दर फोटोत कुठे तरी त्याचा डोळा मिटलेलाच. फ्लॅश झाला की मिटायचा. दुसऱ्यांचे फोटो करण्यात आयुष्य चाललेल्या या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता.

दुपारी एकटा असताना त्याने तो फोटो उघडला.

कुरकुर सुरू झाली. झालर उतरली. फेट्याचा तुरा उतरला. रंजिताची बिंदी, आईचं कुंकू, मग त्याचे मिटलेले डोळे. अगदी सावकाश. हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं त्याला. त्या दिवशी तो घरी जाताना रंजितासाठी गरम जिलबी घेऊन गेला. ती म्हणाली, “आज काय शे? काही गुन्हा करेल शे का?”

पण बरं वाटण्याचंही व्यसन लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा उघडला. तिसऱ्या दिवशीही. कधी सकाळी एकदा, दुपारी एकदा. कुरकुर ऐकली की जीव भांड्यात पडायचा. रंजिता ब्राह्मणपुरीच्या शाळेत शिकवायची, रोज स्कूटीवर जायची-यायची. उसाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याने दुहेरी ट्रॉल्या डुलत चालायच्या, ऊस बाहेर आलेला, मागचा दिवा नाही. हेमराज ती घरातून निघाली, की फोटो उघडायचा. ती पोचल्याचा मेसेज आला, की पुन्हा उघडायचा.

आणि एका दुपारी तो क्लिक करतो न करतो, तोच तिघंही समोर होती.

आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने आवाजाची वाट पाहिली. आला नाही.

तो खुर्चीत मागे सरकला. ‘घडी घडी हातमा लागस ते गल्लाना जोडे.’ अरे, तूच तर रोज उघडतोयस! तुझ्याच क्लिकने फोटो वर आला. मशीनने त्याचं काम केलं, एवढंच. हे अगदी बरोबर होतं. या उत्तरात खोट काढायला जागाच नव्हती. पण दुसरं उत्तरही तितकंच बरोबर होतं, आणि कुठलं खरं हे ओळखायची जी एकच खूण होती, ती त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. कपाळाला हात लावून तो म्हणाला, “गाढवा, काय करी बसना तू हाई!”

६

मार्ग एकच होता. फोटो उघडायचा नाही. काही दिवस कोणी बघितलं नाही, की सर्व्हर त्याला मागे ढकलेल. मग पुन्हा कुरकुर ऐकू येईल. तोवर रंजिताला सांभाळायचं. आईची त्याला तेवढी धास्ती वाटली नाही. आई घराबाहेर पडत नव्हती, ठणठणीत होती, सकाळी नळावर भांडून यायची. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त ट्रॉली यायची आणि स्कूटी यायची.

“आज नको जाऊ शाळामा,” त्याने सकाळी सांगितलं.

“कसाले?”

“आशीच. मन्हं ऐक.”

पहिल्या दिवशी ती राहिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मीच सोडतो. सोडलं, आणायला गेला, दुकानातून दोनदा गायब झाल्याबद्दल शेठची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्याने स्कूटीची किल्लीच लपवली. मग मात्र रंजिता कंबरेला पदर खोचून उभी राहिली.

“तुम्हले व्हयनं काय? जीव लाई ऱ्हायनात का बेडी घाली ऱ्हायनात? मन्हा बापनी बी असा धाक नही दाखाडा मले. शाळामा पोरी वाट देखतस. कारण सांगा, मंग ऱ्हासू मी घरमा.”

धनुबाई चुलीकडून ओरडली, “सांग ना रे, कारण सांग तिले!”

कारण त्याच्या ओठांवर आलं होतं. फोटो लवकर उघडला. हे एवढंच होतं कारण. दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात, भाकरीच्या वासात ते इतकं खुळं वाटलं, की त्याला बोलवेना. त्याने किल्ली काढून दिली. रंजिताने ती घेतली, आणि जाता जाता त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिचा हात गार होता. तिच्यावर आपलं किती प्रेम आहे, हे हेमराजला त्या क्षणी एकदम कळलं, आणि त्या कळण्याचीच भीती वाटली.

“संध्याकायले लवकर येजो,” ती म्हणाली. “वांगानं भरीत करसू.”

दुकानात त्याने फोटोला हात लावला नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. बोटं शिवशिवायची, तेव्हा तो हात मांडीखाली दाबून बसायचा. नूतनताई म्हणाली, “मुळव्याध व्हयनी का रे तुले?” तो हसलाही नाही. आठवडा गेला. मधे आलेली दोन-तीन कामं, जी लोक घेऊनही गेले होते, ती मागे गेलेली त्याने बघितली. उघडताना कुरकुरली. म्हणजे मशीन इमानाने सगळं मागे ढकलत होतं.

तेव्हा त्याने धीर करून तो फोटो उघडला.

झपकन आला.

७

दुपार होती. शटर अर्धं खाली. रस्त्यावरून ट्रॉलीचा धडधडाट येऊन गेला. रंजिता त्या वेळी शाळेत होती.

हेमराज उठला आणि डार्करूममध्ये गेला. जे करायला नको, ते त्याने केलं. सर्व्हर रीतसर बंद केला, झाकण काढलं, आणि एसएसडी ओढून बाहेर काढली. तळहातावर मावेल एवढी होती. वजन नाही म्हटलं तरी चालेल. ती त्याने बाहेर आणून काउंटरवर, डब्याच्या शेजारी ठेवली. आता जे फोटो तिच्यावर होते ते उघडणारच नव्हते. निम्मी कामं अडणार होती, शेठ घर डोक्यावर घेणार होते. घेऊ देत. तो फोटोही उघडणार नव्हता. न उघडलेला फोटो लवकर उघडला की उशिरा, हा प्रश्नच मिटला.

त्याने सर्व्हर चालू केला. हार्ड डिस्का घरघरत फिरू लागल्या. तो पडद्यापुढे येऊन बसला. आधी त्याने सकाळचं चालू काम उघडून पाहिलं. फाइल सापडत नाही, असं आलं. बरोबर. दुसरं उघडलं. सापडत नाही. बरोबर. जुनं कुठलंसं लग्न उघडलं, ते कण्हत कण्हत उतरलं. सगळं जसं असायला हवं तसंच होतं. एसएसडी डब्याशेजारी पडलेली होती. त्याने तिला बोटाने स्पर्श करून पाहिला. अजून कोमट होती.

मग त्याने आपल्या लग्नाचा फोटो उघडला.

बोट माऊसवरून उठायच्या आत फोटो समोर होता.

आतल्या हार्ड डिस्का थांबलेल्या होत्या. एसीचा आवाज तेवढा येत होता. हेमराज पडद्याकडे बघत होता, आणि त्याला रंजिताचा चेहरा दिसला. काळवंडलेला. बिंदी, हसू, सगळ्यावर सावली आलेली.  “नही,” तो मोठ्याने म्हणाला. “नही, नही, ती नही.” त्याने फोन उचलला, हातातून सुटला, पुन्हा उचलला. आणि नंबर लावता लावता पुन्हा पडद्याकडे बघितलं, तेव्हा दिसलं, की आईचा चेहराही तसाच काळवंडलेला आहे. मंडपही. झालरही. सगळा फोटोच सावलीत होता, मधली एक चौकट सोडून.

ही सावली त्याच्या रोजच्या ओळखीची होती. फोटो कापायला घेतला, की चौकटीबाहेरचं असंच काळपट पडतं. जे काळं पडतं ते टाकायचं असतं. जे उजळ राहतं ते ठेवायचं असतं.

चौकटीत तो होता. फेटा बांधलेला, डोळे मिटलेला. आणि फेट्याच्या तुऱ्यावर मोकळी जागा होती, नेमकी तेवढी, जेवढी तो नेहमी सोडायचा.

चुकून आपलंच बोट कुठल्या तरी कीवर पडलं असेल, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. त्याचे दोन्ही हात फोनवर होते.

त्याने फोन खाली ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण रडतोय, आणि हे रडणं भीतीचं नाही. ती नही. ती नव्हती. ट्रॉली डोळ्यांपुढून निघून गेली, स्कूटी तेवढी राहिली, आणि स्कूटीवर रंजिता घरी येत होती. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. भीती मागून आली, हळूहळू, पायाच्या बोटांपासून. पण आधी हे आलं होतं, आणि ते खरं होतं.

त्याने चौकटीत पुन्हा बघितलं. खांद्यावर रंजिताची मेंदीची बोटं राहिली होती. ती पुसावी लागतील, असं सवयीने त्याच्या मनात आलं. आणि पुसणार कोण, नूतनताईला ते नीट जमत नाही, असंही आलं.

८

नूतनताई जेवून आली, तेव्हा एसएसडी सर्व्हरमध्ये परत बसवलेली होती. हेमराज आरशापुढे भांग पाडत होता. तोंड धुतलेलं, शर्टाची वरची गुंडी लावलेली. स्टुडिओतले दोन्ही मोठे दिवे त्याने लावून ठेवले होते, मागे निळा पडदा सोडला होता.

“ओ माय वं! नवरदेव कथा निंघना?”

“ताई, मन्हा एक फोटू काढ.”

“तुन्हा वाढदिवस तर आखाजीना सणले ऱ्हास. आते कसाले फोटू?”

“ऱ्हाऊ दे एक चांगला. एक बी धड नही शे मन्हा.”

“ते खरं शे,” ती हसत म्हणाली आणि कॅमेरा उचलला. हेमराज स्टुलावर बसला. पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. दिव्यांचं ऊन तोंडावर पडत होतं. खांद्यावर कोणाचाही हात नव्हता. त्याने मान वळवून एकदा डार्करूमच्या दाराकडे बघितलं. आतून काही आवाज येत नव्हता.

नूतनताई त्याला चौकटीत धरत पुढे आली. तिच्या सवयीने ती जवळ येत होती, चेहऱ्याने चौकट भरत होती.

“ताई,” हेमराज म्हणाला, “वर जरासी जागा ठेवजो.”

तिचे हात जागच्या जागी थांबले. कॅमेरा डोळ्यावरून खाली आला. 

“काढ ना,” तो हळूच म्हणाला. “आज परत भरीत करनार शे ती. लवकर जानं शे मले.”

नूतनताई एक पाऊल मागे गेली. मग अजून एक. फ्लॅश झाला. तिने कॅमेऱ्यात बघितलं, आणि पदराने नाक पुसून म्हणाली,

“डोया मिटाई ग्यात तुन्हा.”

“परत काढ,” हेमराज म्हणाला, आणि डोळे ताणून उघडे धरून बसला.